जांभळटेपचा हिरवा दिवा

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. बजावणारी माझी चुलत बहीण सारिका, आणि तिला बजावणाऱ्या जांभळटेपच्या चिमाबाई. मी सांगत नाही, लिहिते आहे. बोलण्यापेक्षा मला तेच जमतं. इथे मी तिला ताई न म्हणता नुसतं सारिका म्हणणार आहे, म्हणजे तिच्यापासून थोडं लांब उभं राहून नीट बघता येईल.

सारिकाचं ऑफिस म्हणजे वराळ्यातल्या घराची वरची खोली. वर पत्रा, आत एक टेबल, भिंतीला इन्व्हर्टर, आणि खिडकीतून नव्या सोसायट्यांच्या मधल्या फटीत दिसणारे डोंगर. सकाळचा चहा झाला की ती वर जायची आणि दार लोटून घ्यायची. खालून अनिताकाकूंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, मिक्सरचा आवाज यायचा, वरून हिच्या कीबोर्डचा. कंपनी पुण्यात होती, पण तिथे तिला महिन्यातून एखाद्या वेळीच जावं लागे. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. दिवाळीपर्यंत काही चूक झाली नाही तर होणार होती.

तिचं काम सर्व्हर सांभाळायचं. हे सर्व्हर तिने कधी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. ते मुंबईकडे कुठल्याशा थंड इमारतीत आहेत, आणि तीसुद्धा सबंध यंत्रं नाहीत, मोठ्या यंत्रांतले कप्पे आहेत. सारिका काही ओळींचा कोड लिहिते आणि एक सर्व्हर जन्माला येतो. आणखी एक ओळ लिहिते आणि तो नाहीसा होतो. प्रत्येक सर्व्हरला बाहेरच्या जगाशी बोलायला एक नेटवर्क कार्ड लागतं. तेही हातात धरता येत नाही, तेही कोडमधूनच बनतं.

काकूंनी एकदा विचारलं तेव्हा तिने त्यांना सांगितलं होतं की मोबाईलमधलं सिम समज. सिम एका फोनमधून काढून दुसऱ्यात घातलं तरी नंबर तोच राहतो. फोन बदलला हे समोरच्याला कळतही नाही. तसंच हे कार्ड एका सर्व्हरवरून सोडवायचं आणि दुसऱ्याला जोडायचं. पत्ता तोच.

काकू शेंगा निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “आणि मधल्या वेळात कुणी फोन केला तर?”

“मधल्या वेळात काय? लागणार नाही.”

२

टाकव्याच्या पुढे, आंदर मावळाच्या टोकाला जांभळटेप नावाची वस्ती होती. डोंगराच्या अगदी पोटाशी, थोडी घरं, शेणाने सारवलेली अंगणं, पत्र्याची समाजमंदिराची खोली. सारिकाची वसतिगृहातली मैत्रीण बबिता तिथे दिलेली. तिचा नवरा गोविंदा, सासू चिमाबाई, आणि दोन लहान मुलं. दर पावसाळ्यात सारिका एकदा तरी तिकडे जायची, आणि परत येताना चिमाबाईंनी दिलेली रानभाजी आणायची.

वस्तीच्या वर डोंगराला एक भेग पडलेली होती. बघायला गेलं तर गवतात लपलेली, पायाचा पंजा मावेल एवढी. एका संस्थेने तिच्या दोन्ही काठांवर लोखंडी खुंट्या ठोकून मध्ये तार ताणली होती आणि तारेला एक पेटी जोडली होती. भेग किती रुंदावली ते ही पेटी दर थोड्या वेळाने सर्व्हरला कळवायची. सर्व्हर ‘मिळालं’ म्हणून उत्तर द्यायचा. उत्तर आलं की पेटीवर हिरवा दिवा, नाही आलं की लाल. आणि भेग एकदम वाढू लागली तर सर्व्हर समाजमंदिरावरचा भोंगा वाजवायचा.

हा सर्व्हर सारिकाच्या कंपनीकडे होता. तो जुना झाला होता, नवा घ्यायचा होता. पण पेटीही जुनी. तिला सर्व्हरचा एकच पत्ता ठाऊक, तो बदलायची सोय नाही. म्हणून जुन्या सर्व्हरवरचं कार्ड सोडवून नव्याला जोडायचं ठरलं. काम क्षणभराचं. कैलास सरांनी, म्हणजे तिच्या साहेबांनी, ते तिलाच दिलं, कारण तिने वस्ती पाहिलेली होती.

सारिकाची कोड लिहायची एक रीत आहे. प्रत्येक पायरीनंतर तिचा कोड थांबतो आणि तिला विचारतो, पुढे जाऊ का. ऑफिसातली मुलं तिला यावरून चिडवायची, सारिका पोळी उलटायच्या आधी तव्याची परवानगी घेते म्हणायची. ती हसून सोडून द्यायची.

आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते. सगळ्यांना ठाऊक आहे, कामं त्या हिशेबाने होतात. त्या गुरुवारी सारिकाने इन्व्हर्टरच्या भरवशावर काम सुरू केलं. इन्व्हर्टरची बॅटरी तिच्या वडिलांनी, महिपतीकाकांनी, गणपतीत मंडळाला दिली होती आणि परत आणून जोडली होती. पण मांडवात ती पार उतरली होती, आणि हे सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिने पहिली पायरी केली. पडद्यावर ओळ उमटली: कार्ड सुटलं. पुढे जाऊ का?

तिने ‘हो’चं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी पंखा थांबला. राऊटरचे दिवे विझले. ‘हो’ पोचलं की नाही ते कळायला मार्ग राहिला नाही.

३

मोबाईलवर फोन लागत होता, पण नेट चालत नव्हतं. सारिका स्कूटीची किल्ली घेऊन जिन्यापर्यंत गेली. तळेगाव स्टेशनजवळ कुठेतरी नेट मिळालं असतं. मग तिला सोपं सुचलं. तिने बबिताला फोन लावला आणि सांगितलं, जरा वर जाऊन पेटीवरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे ते बघ.

बबिता धापा टाकत वर गेली. मागे वाऱ्याचासुद्धा आवाज नव्हता.

“हिरवाय,” ती म्हणाली.

“नक्की?”

“आता हिरवा मला कळत न्हाई व्हय गं? हिरवा म्हंजे हिरवा. उलट आज लय ठळक दिसतोय.”

सारिकाने किल्ली परत खिळ्याला अडकवली. म्हणजे ‘हो’ पोचलं होतं, कार्ड नव्या सर्व्हरला जोडलं गेलं होतं. ऊन छान पडलं होतं. ती खाली येऊन काकूंबरोबर जेवली. दुपारी, कशी कोण जाणे, तिला झोपही लागली.

लाईट आली ती चहाच्या वेळेला. ती वर गेली, लॅपटॉप उघडला. पडद्यावर तिचाच कोड अजून उभा होता, तोच प्रश्न विचारत.

कार्ड कुठेही जोडलेलं नव्हतं. जुना सर्व्हर तिने सकाळीच बंद केला होता. नवा रिकामा बसून होता. सिम दिवसभर टेबलावर पडून असावं, तसं ते कार्ड कशातच नव्हतं.

तिने पुन्हा बबिताला विचारलं. दिवा दिवसभर हिरवाच होता, लाल एकदाही झाला नव्हता. मुलं तिथेच खेळत होती, त्यांनी पाहिलं होतं. आणि लुकलुकतही नव्हता, नुसता लागून राहिला होता.

सारिकाने घाईने कार्ड नव्या सर्व्हरला जोडलं. उत्तर मिळालं नाही की पेटी आकडे साठवून ठेवते आणि मग एकदम पाठवते. तेव्हा आता दिवसभराचे आकडे धो धो यायला हवे होते. एकही आला नाही. पेटीच्या लेखी देणं काही बाकी नव्हतं. तिने जे जे पाठवलं, ते ते कुणीतरी घेतलं होतं आणि ‘मिळालं’ म्हणून कळवलं होतं.

फोन अजून चालूच होता. पलीकडे बबिता काही बोलत होती, ती मध्येच थांबली.

“काय झालं?”

“काय न्हाई,” बबिता म्हणाली. “तार वाजली. बाज कशी वाजती बघ, कुणी जडसं मानूस उठलं की. तशी.”

४

सारिकाने भुताखेतांचा विचार केला नाही. तिला तशी सवयच नाही. तिने आधी स्वतःवर संशय घेतला, मग पेटीवर, मग नेटवर. कैलास सरांना तिने खरं तेच सांगितलं, की लाईट गेली आणि कार्ड दिवसभर सुटं राहिलं. सर रागावले नाहीत. दिवा खराब असेल, म्हणाले. जुन्या पेट्या अशाच असतात. आकडे साठवायची तिची जागा भरली असेल.

तिने पेटीच्या आत उरलेली आकड्यांची नक्कल मागवून घेतली. डोंगर कधीच अगदी स्थिर नसतो. उन्हाने तो फुगतो, रात्री आकसतो, गुरं चरायला गेली तरी तार केसभर हलते. बुधवारपर्यंतचे आकडे तसेच होते, श्वास घेतल्यासारखे वरखाली. गुरुवारी सकाळी कार्ड सुटलं तिथून पुढे एकच आकडा होता. तोच, तोच, तोच. भर उन्हातही तोच. आणि संध्याकाळी तिने कार्ड जोडलं त्या घटकेला भेग एकदम वाढली होती. फार नाही. पण आधीच्या सबंध पावसाळ्यात वाढली नव्हती एवढी.

सर म्हणाले, सेन्सर अडकला असेल आणि मग सुटला असेल. हे पटण्यासारखं होतं. सारिकाला ते पटलंही.

तरीही शुक्रवारी सकाळी तिने गोविंदाला भेगेपाशी उभं केलं. यंत्रावर विसंबायचं नाही म्हणून त्याला तिने दोन्ही काठांवर चुन्याच्या खुणा करून मध्ये काठी आडवी ठेवायला सांगितली. गोविंदा थट्टा करत होता. कंपनीला आता काठी पण पुरवायची का, विचारत होता. फोन त्याने कानाला लावलेला होता. इकडे खोलीत मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते, आणि सारिकाने मला जायला सांगितलं नाही. मला वाटतं, तिला कुणीतरी सोबत हवं होतं.

तिने कार्ड सोडवलं.

“दिवा?”

“हिरवा,” गोविंदा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “आवाज बंद झाला.”

“कसला आवाज?”

“सगळाच.” त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. “वड्याचं पानी दिसतंय पर ऐकू येत न्हाई. गवात पडलंय समदं. वारा न्हाई काय न्हाई, आपसूक आडवं झालंय, खालपस्तर.”

सारिकाने कार्ड जोडलं. फोनमधून मलाही ऐकू आलं: लांबलचक करकर, मग ओढ्याचा आवाज एकदम सुरू झाल्यासारखा. मग गोविंदा हलक्या आवाजात बोलला. काठी भेगेत पडली होती.

तिने ताबडतोब कार्ड पुन्हा सोडवलं, आणि या वेळी सुटंच ठेवलं.

५

 पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती.

कुठल्याही पत्त्याला नुसतं ‘आहेस का’ असं विचारता येतं. कार्ड सर्व्हरला जोडलेलं असलं तर सर्व्हर ‘आहे’ म्हणतो. मुंबईहून ते उत्तर यायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. सुटं कार्ड म्हणजे कुणीच नाही. तिथून उत्तर यायचा प्रश्नच नसतो. सारिकाने विचारलं.

काही आलं नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि पाण्याची बाटली उचलली. तेवढ्यात पडद्यावर उत्तर उमटलं. आहे.

तिने परत विचारलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. खाली काकूंनी भाजीला फोडणी दिली, तिचा वास वर आला, आणि मग उत्तर आलं. आहे.

सारिकाला आकड्यांचा धीर वाटतो. निरोप जितका उशिरा, तितकी जागा लांब. म्हणून तिने गणित मांडलं, की तारेतून निरोप ज्या वेगाने धावतो त्या वेगाने एवढा वेळ म्हणजे किती अंतर झालं. उत्तर बघून तिने हात मांडीवर ठेवले. एवढी लांब जागा पृथ्वीवर नाही. चंद्रही तितका लांब नाही.

तिने पुन्हा पुन्हा विचारलं, आणि दर वेळी तेवढाच वेळ लागला. लांबच्या निरोपाला कधी कमी लागतो, कधी जास्त. वाटेत गर्दी असते. इथे वाटच नव्हती. मला काही कळत नव्हतं, पण तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. भीती तिथे होतीच, पण भीतीवर काहीतरी दुसरंच चढत होतं. आम्ही लहान असताना खंडाळ्याला ढग बाजूला होऊन खालची दरी पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता.

“लांब नाहीये ते,” ती म्हणाली. “सावकाश आहे.”

आपला एक शब्द बोलायला लागतो तो वेळ ज्याच्या लेखी काहीच नाही, असं काहीतरी. डोंगरांच्या चालीने जगणारं. त्याला कुणीतरी ‘आहेस का’ विचारत होतं, आणि ते आपल्या परीने घाईघाईने उत्तर देत होतं.

६

सुटी कार्डं राहू द्यायची नाहीत, असा कंपनीचा नियम आहे. कोण कुठे विसरलं याचा पत्ता लागत नाही, म्हणून दर शनिवारी दुपारी एक कोड आपोआप चालतो आणि कशालाच न जोडलेली कार्डं पुसून टाकतो. ऑफिसात त्याला झाडू म्हणतात. झाडू थांबवायचा अधिकार कैलास सरांचा.

सारिकाने त्यांना फोन केला. काय सांगणार होती ती? की कार्ड सुटं असलं तर डोंगर हलत नाही? तिने तेच सांगितलं, जमेल तेवढ्या शहाण्या शब्दांत. सर ऐकत राहिले, आणि मग शांतपणे म्हणाले की सारिका, सुट्या कार्डावर भोंगा वाजणार नाही. तू ते जोड. डोंगर हलला तर भोंगा वाजेल, लोक बाहेर येतील, त्यासाठीच तर आपण तो बसवलाय. कार्ड सुटं ठेवून उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

ते चूक बोलत नव्हते, हाच घोळ होता. जोडावं तर डोंगर सुटतो, आणि एकदम सुटला तर भोंगा ऐकून उंबरठा ओलांडायलाही वेळ मिळत नाही. सुटं ठेवावं तर उद्या दुपारी झाडू येतो आणि ते पुसतो, तेव्हाही डोंगर सुटतोच, आणि भोंगाही नसतो. त्यात हस्ताचा पाऊस येणार, असं सगळे म्हणत होते.

तिने बबिताला सगळं सांगितलं. लोकांना खाली आण म्हणाली. बबिता रडवेली झाली. कुणी ऐकणार नाही, म्हणाली. मागे एकदा भोंगा उगीच वाजला होता, तेव्हा सगळे भर पावसात मुलांना घेऊन माळावर बसले आणि काहीच झालं नाही. तेव्हापासून गोविंदाचीच पोरं भोंग्याची नक्कल करून हसतात. मग फोनवर खुडबुड झाली आणि चिमाबाईंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या.

त्यांनी सारिकाला एकच विचारलं, की ती जागा तू रिकामी ठेवलीस का.

“हो मावशी. चुकून.”

“दिसभर?”

“दिवसभर.”

 मग त्यांनी सांगितलं. जांभळटेपला वर्षातून एकदा राखण देतात, म्हणजे डोंगर राखणाऱ्याला त्याचा मान देतात. त्या दिवशी डोंगराकडे तोंड करून एक पाट मांडतात. त्यावर कुणी बसत नाही, त्याच्याकडे कुणी बघत नाही, पुढ्यात पानही वाढत नाहीत. पाट रिकामा असला की त्यावर जे बसतं ते डोंगर धरून बसतं. पण बसलेल्याला उठवायची रीत आहे. आधी सगळी माणसं, गुरं, कोंबड्या ओढ्यापलीकडे न्यायची. चुलीतला विस्तवसुद्धा न्यायचा. घरात काही जितं उरलं नाही की मग एकाने पाट उचलायचा. उठताना त्याचा भार कुणीकडं जाईल, सांगता येत नाही.

“आमी घटकाभर मांडतो,” चिमाबाई म्हणाल्या. “तू दिसभर बसवलंस, परत उठवलंस, परत बसवलंस. दमलं आसंल ते.”

सारिकाला रडू आलं. तिने विचारलं, आता काय करू.

“करायचं काय त्यात? मानसं मी काडते. भोंग्याला न्हाई येनार, पन पाट उचलायचा म्हनल्यावर येतील. तू इकडं ये. पाट तू मांडलायस, उचलायचा बी तूच.”

७

शनिवारी सकाळी सारिकाने सरांना एक निरोप लिहिला, की मी तुमच्या सांगण्याप्रमाणे कार्ड जोडते आहे, पण आधी वस्ती रिकामी करून. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं तिने मनाशी धरलं असावं. मग लॅपटॉप पाठीला बांधून स्कूटीवर निघाली.

टाकव्यापुढे पाऊस लागला. ओढ्याअलीकडच्या माळावर ती पोचली तेव्हा अख्खं जांभळटेप तिथे आलेलं होतं. प्लास्टिकच्या कागदाखाली म्हाताऱ्या बसल्या होत्या, शेळ्या ओरडत होत्या, कुणी टीव्ही पोत्यात घालून आणला होता. माळावरच्या आश्रमशाळेच्या ओसरीवर घमेल्यात वस्तीतल्या सगळ्या चुलींचा विस्तव एकत्र करून ठेवला होता आणि एक म्हातारी त्यावर सूप धरून बसली होती. गोविंदा कोंबड्यांची डालगी मोजत सारिकाला म्हणाला, की हे काय झालं न्हाई तर हे लोक मला डालग्यात घालतील. कुणी हसलं नाही. तोही हसला नाही.

चिमाबाई शेवटी ओढा ओलांडून आल्या. प्रत्येक घरात डोकावून आल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

सारिका ओसरीच्या पायरीवर बसली. बबिताने तिच्यावर छत्री धरली. फोनच्या नेटवर लॅपटॉप जोडला. तिच्या कोडने नेहमीप्रमाणे विचारलं, पुढे जाऊ का.

तिने आधी ते नेहमीचं विचारलं: आहेस का. आणि वाट पाहिली. ओसरीच्या पागोळ्या गळत होत्या. उत्तर आलं तेव्हा तिने, कुणाला दिसणार नाही असे, हात जोडले.

मग तिने ‘हो’ दाबलं.

जांभळटेप आता नाही. डोंगराची सबंध कूस खाली आली, घरं, समाजमंदिर, भोंगा, वाट, सगळं. माणूस एकही गेलं नाही. जनावरही गेलं नाही. लोक म्हणाले, यंत्रामुळे वाचलो, आणि तसंच सगळीकडे छापून आलं. कैलास सरांनी सारिकाचं कौतुक करणारा मेल सबंध ऑफिसला पाठवला आणि तिची नोकरी पक्की झाली. फोनवर मात्र त्यांनी तिला विचारलं की तुला कसं कळलं, आणि ती म्हणाली, आकड्यांवरून. जांभळटेपचे लोक सध्या माळावरच्या पत्र्याच्या खोल्यांत आहेत. बबिताच्या मुलांना तिथली शाळा जवळ पडते म्हणून ती खूश आहे.

एवढं सगळ्यांना माहीत आहे.

८

सांगायचं नाही ते वेगळंच.

सारिकाने ‘हो’ दाबलं आणि डोंगर आला, या दोहोंच्या मध्ये वेळ गेला. फार नाही, पण गेला. आधी समोर भेगेपाशी तो हिरवा ठिपका विझला. पाऊस पडतच होता, पण त्याचा आवाज थांबला. शेळ्या ओरडायच्या थांबल्या. चिमाबाईंनी खालच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, माना खाली घाला. सगळ्यांनी घातल्या, लहान मुलांनीसुद्धा. सारिकाला ही रीत ठाऊक नव्हती. ती वर बघत राहिली.

समोरच्या डोंगरावर सोनकी फुललेली होती, सगळी कूस पिवळी. आणि ते सगळं पिवळं आडवं दाबलेलं होतं, गादीवर कुणी खूप वेळ पडून असावं तसं. तिला वाटलं पाऊस. मग ते उठू लागलं. वरून नाही, खालून. ओढ्यालगतचं गवत आधी ताठ झालं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, हळूहळू, एकेका फुलाने मान वर काढावी तसं. जिथलं गवत उठलं तिथे पाऊस पडू लागला. म्हणजे तोवर तिथे पडत नव्हता. तोवर तो कशावर तरी अडत होता.

तेव्हा तिला आकार कळला. सबंध नाही, कारण तो मावत नव्हता. पाऊस जिथे पडत नव्हता तेवढाच. चिमाबाईंनी पदर तिच्या डोळ्यांवर धरला, पण त्याच्या आधी तिने पाहिलं होतं. घरी आल्यावर किती दिवस ती गप्प होती. मग काल संध्याकाळी, गच्चीवर कपडे काढताना, मी काही न विचारता तिने मला सांगितलं, आणि सांगताना ती डोंगरांकडे पाठ करून उभी होती. घाबरलेली नव्हती. देवळातून बाहेर आल्यावर माणसं बोलतात तसं हळू बोलत होती.

ती म्हणाली, आम्हाला वाटत होतं ते डोंगरावर बसलंय. तसं नव्हतं. ते डोंगराला पाठ लावून बसलं होतं. पाय ओढ्यात, पाठ डोंगराला, सगळा भार मागे रेटून. म्हणजे एवढा सगळा वेळ त्याचं तोंड वस्तीकडे होतं. आणि उठताना ते थांबलं. सगळं अंगावर येत असताना ते थांबलं, खाली वाकलं, आणि एकेका घराच्या दारात बघत गेलं, आत कुणी राहिलं नाही ना. शेवटचं घर बघून झालं. मग त्याने मान वर केली, ओढ्यापलीकडे, माळाकडे, जिथे सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि एकटी ताई बघत होती, आणि त्याने

जिन्यातून ताईची हाक आली. दुसऱ्यांदा आली. आले गं, एवढं वाक्य पुरं करून येते, की तिच्याकडे बघून त्याने, तिने जोडले होते तसेच, हळूच दोन्ही हात